पुलावरचा दोरा

"खाली पाहू नको, नलू. पय."

सत्तावीस वर्षांपूर्वी कालव्याच्या पुलावर बापानं तिचं मनगट धरून एवढंच म्हटलं होतं, आणि सतरा वर्षांची नलू वाऱ्यासारखी सुटली होती. आज त्याच रस्त्यावर चव्वेचाळीस वर्षांची नलू पळत होती. गुडघा ठणकत होता. बापाचा तो आवाज तेवढा अजून तेव्हाचाच होता, चार पावलं पुढे पळत होता.

शर्यत तीच. देवळीच्या चौकातून निघायचं, पाच किलोमीटरवरच्या पुलाला वळसा घालून परत यायचं. पुलावर पोहोचलेल्या मुलीच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा, हा नियम. दोरा नाही तर पूल गाठला नाही. त्या वर्षी दोरा बांधायला रूपराव होते, नलूचे वडील. पहिल्या येणाऱ्या मुलीला नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात दोन वर्षं राहायला मिळणार होतं. आर्वीहून स्थळ आलं होतं, मुलगी पसंत होती. नलूनं घरात सांगून ठेवलं होतं, पहिली आली तर लग्न दोन वर्षांनी.

ती पहिली आली. पंचांनी हात वर करायला सांगितला. मनगट कोरं.

बापाच्या बोटांची पकड तिला वाटभर जाणवत होती. ती दोऱ्याचीच आहे असं तिला वाटलं होतं. पंचांनी रूपरावांना विचारलं. बांधला होता, असं ते म्हणाले. पण बाप दुसरं काय म्हणणार, म्हणत पंचांनी कप दुसऱ्या मुलीच्या हाती दिला. गर्दीतून कोणीतरी हसलं.

त्या संध्याकाळी बापलेक दोरा शोधायला निघाले. रस्त्याच्या एका कडेनं ती, दुसऱ्या कडेनं ते. माती काळी, रस्ता काळा, लाल तेवढा दोरा दिसला असता. रूपराव काठीनं गवत बाजूला करत होते, ओणवे होऊन कापसाच्या पऱ्हाटीच्या बुडाशी पाहत होते. सापडंल, सापडंल, म्हणत होते. दिसेनासं झाल्यावर ती रस्त्यातच बसली आणि रडली. ते शेजारी उभे राहिले. आपल्यासाठी एवढं वाकलेल्या या माणसाला आता नाही कसं म्हणायचं, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं आर्वीला हो म्हटलं.

शर्यतीची गोष्ट तिच्याआधी सासरी पोहोचली होती. भाकरी थापताना, कापूस वेचताना, बाळंतपणातून उठताना सासू विचारायची, "पुरं केलं का वं, का मंधातूनच फिरली?" सासू गेली. वाक्य नवऱ्यानं ठेवून घेतलं.

पुढच्या वर्षी माहेरी येऊन पुन्हा पळायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण शर्यत भरलीच नाही. कधी निवडणूक आडवी आली, कधी रस्त्याचं काम, मग लॉकडाऊन. दरवर्षी ती पुढच्या वर्षावर जात राहिली. यंदा भरली. नलूनं नाव दिलं. तिला नंबर नको होता. मनगटावर दोरा घेऊन चौकात जायचं होतं, हात वर करायचा होता.

पुलावर रूपराव खुर्चीत बसले होते, पंचाहत्तरी गाठलेले. जुना माणूस म्हणून समितीनं मानानं बोलावलं होतं. आता पुलावर कॅमेरा होता. दोरा नुसता रिवाजापुरता. पोरी पळता पळता हात पुढे करत आणि हसत निघून जात. नलू पोहोचली तेव्हा तिच्या मागे कोणी उरलं नव्हतं.

तिनं मनगट पुढे केलं. म्हाताऱ्या बोटांना गाठ मारता येईना.

"घट बांधजा, बाबा," ती धापा टाकत हसली. "नाई तं मांगच्यासारका पडंल."

रूपरावांनी गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. तरी मनगट सोडलं नाही.

"पडला नव्हता थो," ते म्हणाले. "म्या बांधलाच नव्हता. आर्वीवाल्याईले जबान देऊन बसलो होतो. आपुन ढुंढून राह्यलो होतो ना, तवा माह्या खिशातच होता."

नलू दोऱ्याकडे पाहत राहिली.

"म्हणूनच म्हटलं होतं तुले, खाली पाहू नको."