शून्यावरचा आवाज

ताई वारली त्याच्या आदल्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणातलं तिचं अखेरचं वाक्य इतकं पुसट होतं, की मला ते कधीच कळलं नव्हतं. म्हणून आज दुपारी मी टेबलावरचा हेडफोन अँप्लिफायर सुरू केला. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून मगच गेन, म्हणजे पुसट आवाज ठळक करण्याचा जोर, वाढवायचा, नाहीतर कानांची खैर नसते. तो क्रम मी काटेकोरपणे पाळला आणि हेडफोन चढवले.

"कान सांभाळ रे, शहाण्या," ताई म्हणाली.

ध्वनिमुद्रण मी अजून लावलंच नव्हतं. व्हॉल्यूमही शून्यावरच होता.

कारण सापडेपर्यंत निष्कर्ष काढू नये, म्हणून मी अँप्लिफायरचा प्लग उपटला.

"ते वाक्य ऐकायचंय ना?" तिने विचारलं. "मग हेडफोन काढ."