भिंतीवरचा छगन

बल्ब सापडला आणि सहादेव घाबरला.

नगरच्या फोटो स्टुडिओचे राधाकृष्णशेठ मात्र खुशीत होते. माळ्यावरचं खोकं काढून त्यांनी फडक्यानं पुसलं.

"घ्या! दोन वर्षं डोकं खाल्लंत माझं. आता दाखवा वहिनींना पोरगं."

"दावतो की," सहादेव म्हणाला. दुसरं काय म्हणणार बिचारा!

सहादेव भिंगारला एका लष्करी साहेबाकडं खानसामा होता. बदली झाली की साहेबलोक जड सामान नोकरांना देऊन टाकत. ह्या साहेबानं घरगुती सिनेमाचं मशीन दिलं, वर एक रीळ दिलं. म्हणाला, "ह्यात तुमचा छगन आहे. बागेत खेळताना घेतलाय. बल्ब तेवढा उडालाय, नवा बसवा."

छगन पाचव्या वर्षी तापानं गेला होता. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. त्याची आई साळूबाई मशीनसमोर मांडी घालून बसली ती उठेचना. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कुठं, अंधार कुठं, एवढंच कळायचं. बल्ब काही मिळेना आणि बायकोचं तोंड बघवेना. शेवटी सहादेवनं ठोकून दिलं, "बसला बल्ब!" आणि मशीन तसंच सुरू केलं. खर्रर आवाज झाला. कोऱ्या भिंतीकडं बघत गडी सांगत सुटला, "हा बघ, फुलं तोडतोय... पडला... आता हसतोय लबाड!"

तेव्हापासून दर रविवारी दुपारची जेवणं झाली, की दार लावून हाच खेळ. साळूबाई कशी तृप्त होऊन उठायची! तिला सुखात बघून सहादेवलाही बरं वाटायचं.

आणि गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या शिबिरात तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. घालताक्षणी बाई म्हणाली, "आता मला माझा छगन बघायचाय."

आता आली का पंचाईत! रिळात काय आहे, ते सहादेवनं तरी कुठं पाहिलं होतं?

रविवारी त्यानं बल्ब बसवला.

"लावा की वो. कशाची वाट बघताय?" साळूबाई हसून म्हणाली.

भिंत लख्ख उजळली. साहेबाचं कुत्रं पळत आलं. मग गुलाबाचे वाफे. मग खुर्चीत लोकर विणणारी मडम. पुन्हा कुत्रं. सामान बांधायच्या घाईत साहेबानं भलतंच रीळ दिलं होतं! छगनचा कुठं मागमूस नव्हता. आता रीळही संपत आलं होतं. सहादेवनं मान खाली घातली. दोन वर्षं आपण हिला फसवलं, आता ही आपलं तोंड बघणार न्हाई, असं त्याला वाटलं.

"साळू, अगं मी..."

"गप बसा वो. बघू द्या मला."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि नीट भिंतीकडं बघितलं. भिंतीवर कुत्रं शेपूट हलवत बसलं होतं.

"अवो, खाली काय बघताय?" साळूबाई म्हणाली. "दोन वर्सं अंधारात तुमी दावला, आज मी दावते. वर बघा की. तुमाला हाका मारतोय त्यो."