कोठीच्या तोंडावर

“मागे सरा! कोणीही खाली उतरायचं नाही!”

एदेल्मिरा बोटीच्या पोटातल्या माशांच्या कोठीच्या तोंडावर हात पसरून उभी होती. खाली, घोटाभर कुजक्या पाण्यात, म्हातारा कासिमिरो उताणा पडला होता. पंप तुंबला म्हणून मोकळा करायला उतरला आणि एक शब्द न बोलता कोसळला. तीन दिवस अँचोवेटा मासळी कोठीतच सडत पडली होती, कारखान्यात उतरवायला नंबर लागत नव्हता.

“बाई, बाजूला व्हा,” तेओफिलो म्हणाला. बोट त्याची, माणसं त्याची. “सकाळी घाण मारत होती तेव्हा ठीक. आता वास गेलाय. म्हणजे सडक्या मासळीचा वायू उडून गेला.”

“वायू नाही गेला, त्याने तुमचं नाक मारलंय! तीन आठवडे हेच सांगतेय मी.”

सांगत होती खरं. लिमाहून आली होती ती. बंदरावर माणसं कशी जखमी होतात, कशी मरतात, कशी वाचवता येतील याचा अभ्यास करायला. पण आमच्या धक्क्यावर बापजाद्यांपासून एकच शास्त्र. तोंडाला व्हिनेगरचं फडकं बांधायचं, वास थांबला की उतरायचं. आणि सोबती पडला तर दुसऱ्याने मागचापुढचा विचार न करता उडी घ्यायची. जो थांबला, त्याच्या शेजारी जेवायलासुद्धा कोणी बसत नाही. तिच्या प्रश्नांच्या कागदांची सगळ्यांनी टर उडवली. कासिमिरोच तेवढा इमानाने उत्तरं द्यायचा आणि आम्हाला दटावायचा, “हसता काय गाढवांनो? पोरगी तुमच्याच जिवासाठी राबतेय ना?”

“हवेचा मुखवटा आणायला माणूस धावलाय,” ती म्हणाली. “चार मिनिटं थांबा.”

“चार मिनिटांत म्हातारा जाईल!”

“तुम्ही उतरलात तर दोघं जाल.”

“मला नाही बघवत,” वेन्सेस्लाव म्हणाला. जाळी दुरुस्त करणारा, दोन लेकरांचा बाप. “कासिमिरोकाकाने मला हातात सुई धरायला शिकवली. मी इथे उभा राहून तमाशा बघू होय?” फडकं बांधून तो तिच्या अंगावरूनच शिडीकडे गेला. तिने त्याचा सदरा पकडला, तो टरकन फाटला.

तो खाली पोचला. म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला, वर बघून ओरडला, “धरला!” आणि तिथेच त्याचे गुडघे मोडले.

मग मात्र वायू उडाला असं कोणी म्हणालं नाही.

मुखवटा आला. तोही एकच, तिच्या अभ्यासासाठी आणलेला. तेओफिलोने तो चढवला, तिने पट्टे आवळले, पाठीवर हवेचं नळकांडं बांधलं. त्याने खाली उतरून दोघांना दोर बांधले, तसे आम्ही वरून ओढायला लागलो. वेन्सेस्लाव म्हाताऱ्याच्या अंगावर पडलेला, म्हणून आधी तो वर आला. मागोमाग कासिमिरो.

एदेल्मिराने वेन्सेस्लावच्या मानेला बोटं लावली. मग कासिमिरोच्या. तिथे ती जरा जास्तच थांबली.

“काय आहे, बाई?” मुखवटा ओढून काढत तेओफिलोने विचारलं.

“वेन्सेस्लावची नाडी आहे, श्वास नाही. काकांची नाडीपण नाही.” तिने पिशवीतून श्वास द्यायचा फुगा काढला. तो एकच होता. आणि तो वापरता येणारीही ती एकटीच.

“आधी काका! आधी तो पडलाय!”

“म्हणूनच नाही,” ती म्हणाली आणि फुगा वेन्सेस्लावच्या तोंडावर दाबला. “तुम्ही काकांची छाती दाबा. मधोमध. हात ताठ. मी मोजते, थांबायचं नाही.”

“अहो, या माणसाने आमच्यासाठी—”

“दाबा म्हणते ना!”

एका हाताने फुग्याची वाटी त्याच्या तोंडावर, दुसऱ्याने फुगा, आणि तोंडाने म्हाताऱ्यासाठी आकडे. एक, दोन, तीन. आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी नाही. खरं सांगायचं तर आम्हाला तिचा राग आला. काय दगडाची बाई आहे!

“तुमच्या वहीत एक मेलेला वाढेल,” तेओफिलो घामाघूम होऊन गुरगुरला. “तुमचं काय जातंय!”

ती मोजत राहिली. फक्त सव्वीसनंतर पुन्हा सव्वीसच म्हणाली.

वेन्सेस्लावला ठसका लागला. तो ओकला, छाती वरखाली झाली आणि कण्हत तो आईला हाका मारू लागला. कोणीतरी मोठ्याने रडलं. एदेल्मिराने त्याला कुशीवर वळवलं, फुगा घेतला आणि गुडघ्यांवर सरपटतच म्हाताऱ्याकडे गेली. तेओफिलोला तिने अक्षरशः ढकललं.

रुग्णवाहिका आली तेव्हाही ती दाबतच होती. डॉक्टरने आपल्या यंत्राने तपासलं, दोनदा तपासलं, मग तिच्या मनगटावर हात ठेवला.

“बस्स आता, बाई. खूप उशीर झालाय.”

ती तरीही दाबत राहिली. डॉक्टरने तिचे हात धरूनच बाजूला घेतले.

तेओफिलोने टोपी काढली. घोंगडीत गुंडाळलेला वेन्सेस्लाव तिच्याकडे बघून हात जोडत होता.

“यांच्या घरी कळवायला हवं,” डॉक्टर म्हणाला. “कोण आहे यांचं?”

“कोणी नाही हो,” तेओफिलो म्हणाला. “बायको-मुलगी होती म्हणे कुठेतरी. वीस वर्षांत कोणी फिरकलं नाही.”

एदेल्मिरा बाहीने म्हाताऱ्याच्या गालावरचे खवले पुसत होती.

“परवाच म्हणाले, आता सगळ्यांना सांगून टाकू,” ती म्हणाली. “मीच म्हटलं, बाबा, आधी माझं काम संपू दे.”