आठचे हादरे

चाळीस वर्षं ज्या प्रेस मशीनचं तेलपाणी केलं, त्यावर 'भंगार' अशी लाल चिठ्ठी पाहून कुनिएदाचं टाळकं सटकलं. तो तडक कारखान्याच्या शिराई साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"चिडू नका, कुनिएदा काका. मशीनला बसवलेला बिनतारी सेन्सर खोटं बोलत नाही. रोज सकाळी आठच्या ठोक्याला ते गदागदा हलतं. खिळखिळं झालंय."

"आठला ते बंद असतं, साहेब."

"मग हलतं कशानं?"

कुनिएदाने दातओठ खाल्ले. "रेडिओवरच्या कवायतीनं. तेव्हा दीडशे माणसं त्याच्याभोवती उड्या मारतात, आणि सगळ्यांत जोरात आपटता ते तुम्ही. भंगारात कुणाला काढायचं, ते आता सांगा."