परवानाधारक

बाबा एकटे राहायचे, म्हणून दाराबाहेर कॅमेरा बसवायचं ठरलं. शेजारचा वायरमन स्वस्तात बसवून देत होता, पण बाबांनी परवानाधारक माणूसच बोलावला आणि त्याचं सर्टिफिकेट चष्मा लावून वाचलं. मग रोज फिरायला निघताना ते कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचे आणि फोनवर मला सांगायचे, "आजचाही टाटा जमा झालाय गं. आलीस की सगळे एकदम बघ."

बाबा वारल्यावर मी त्याच माणसाला बोलावलं. ते गेल्याचं न सांगता म्हटलं, "बाकी काही नको, बाबांचं रेकॉर्डिंग तेवढं काढून द्या."

तो स्टुलावर चढेचना, तेव्हा मीच चढून कॅमेरा उघडला. आत दोन सेल होते आणि एक लाल दिवा. वायर कुठेच गेलेली नव्हती.

"अहो, हे काय?"

"ताई, आम्हाला परवाना देणाऱ्या खात्याचे तपासणीवाले दरवर्षी येतात, पण खालूनच बघतात. दिवा लागलेला हवा आणि स्टिकर हवा. तुमचा कॅमेरा दरवर्षी पास झालाय!"



मग त्याने खिशातून नवे सेल काढून घातले, यंदाचा स्टिकर चिकटवला आणि म्हणाला, "आता बाबांना सांगा, वर्षभर निर्धास्त राहा."