पहिल्या बेसवरची मूठ

"बॉल!" बॅटरमागचा अंपायर नाथाजी ओरडला, तशी साक्षीनं बॅट फेकली आणि शेजारी उभ्या दीपमालाला कडकडून मिठी मारली.

सॉफ्टबॉलचा शेवटचा डाव. दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, संघ एका धावेनं मागं. तीन बॉल, दोन स्ट्राइक. बाहेर जाणाऱ्या चेंडूवर तिची बॅट निघाली आणि अर्ध्यात थांबली. बॅट न फिरवता सोडलेला बाहेरचा चेंडू म्हणजे 'बॉल'. चौथा बॉल मिळाला, म्हणजे चालत पहिला बेस, तिसऱ्यावरची घरी आणि बरोबरीची धाव. पुढं दीपमाला, जिचे फटके माळ ओलांडून उसात पडायचे.

मिठी सोडून साक्षी बेसकडं वळली. तिथं तिचे वडील, मानसिंग आप्पा, अंपायर म्हणून उभे होते. नाथाजीचं बोट त्यांच्याकडं रोखलेलं आणि त्यांची मूठ वर.

स्ट्राइक. आउट. मॅच खलास.

बॅट फिरली तर स्ट्राइक, पण अर्ध्यात थांबलेली बॅट फिरली की नाही, हे मागच्या अंपायरला नीट दिसत नाही. त्यानं बॉल दिला की बॅटरमागं चेंडू झेलणाऱ्या, समोरच्या संघाच्या कॅचरनं अपील करायचं, मग त्यानं बेसवरच्या अंपायरला विचारायचं. विचारल्याशिवाय बेसवरच्यानं हूं की चूं करायचं नाही. उंब्रजच्या माळावर पोरींना हे मानसिंगनीच शिकवलेलं. जिल्ह्यात अंपायर मोजून चार, त्यामुळं लेकीच्या मॅचला बाप उभा राहिला तरी कुणी ब्र काढत नव्हतं.

आणि त्या दिवशी कॅचर होती पायल. दुसऱ्या कॉलेजची, पण साक्षीची लहानपणापासूनची जिवाभावाची.

साक्षीला नेमकं तेच झोंबलं. म्हसवडच्या पाहुण्यांचं एकट्या पायलला ठाऊक होतं. आप्पा म्हणालेले, "तुमचा संघ राज्याला गेला, तर पाव्हण्यांना मी सोता नको म्हणून कळवतो. शब्द हाय माझा." हरला, तर मात्र रविवारी बघायचा कार्यक्रम. हे सगळं माहीत असून त्या भवानीनं अपील केलं!

घरी आल्यावर आप्पा जेवले नाहीत. तिच्याजवळ येऊन बसले.

"मला काय हौस हाय व्हय, पोरी? पायलनं अपील केलं, नाथाजीनं इचारलं. इचारल्यावर खोटं कसं सांगू?"

"बॅट खरंच गेलती, आप्पा?"

"गेलती."

आप्पा म्हणतात म्हणजे गेली असणार. साक्षीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. आप्पांचेही डोळे भरले.

पायलचे फोन येत राहिले. "माझं ऐकून तरी घे," असा मेसेज आला. साक्षीनं लिहिलं, "गळाच कापायचा हुता तर सांगून कापायचास." आणि नंबर ब्लॉक केला. बारा वर्षांची मैत्री, आणि एका अपिलात मातीमोल. तिला पाहुण्यांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा बरा होता, चाकणच्या कंपनीत. नाथाजीकाकालाही आप्पांनी मुद्दाम बोलावलेलं. साक्षीनं पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि सांगितलेल्या खुर्चीवर मान खाली घालून बसली.

आप्पा कौतुकानं म्हणाले, "खेळत हुती. आता ते सगळं संपलं."

"पाव्हणं, खेळाचं सोडा, बाप बघा!" पोह्यांचा घास गिळत नाथाजी म्हणाला. "असा सरळ माणूस तालुक्यात घावायचा न्हाई. सोताच्या पोरीला आउट दिलं यानं."

"नाथाजी, च्या घे," आप्पा म्हणाले.

"घेतो की. थांब, सांगू दे. मी बॉल दिलता. ती कॅचर तर मास्क काढून रडत बसलेली, हरलोच म्हणून. अपील कसलं करतीया? मी म्हटलं चला, बरोबरी झाली. तर ह्यो गडी बेसवरनं छातीवर हात बडवाय लागला, 'नाथाजी, मला इचार! मला इचार!'"