उजव्या हातापुरतं

सांगून कुणाला पटणार नाही, पण सामान हलवणारा एक गडी होता, तो बंद कपाट नुसतं कलतं करून आतले कपडे उन्हाळ्याचे की थंडीचे ते सांगायचा. धंद्यात त्याला सगळे काटा म्हणत, वजनकाट्यावरून. पंचवीस वर्षांत त्याचा अंदाज पावशेरानेही चुकला नव्हता. कधी चुकलाच असेल, तर तो वजनाचा दोष.

आज तो प्रोटीनच्या दुकानात, माथ्याच्या वर गेलेल्या डब्यांच्या भिंतीपुढे उभा होता आणि त्याला घाम फुटला होता. शेजारी लंब्या होता म्हणून.

लंब्या त्याचा जोडीदार. उंच, म्हणून जिन्यावरून सामान उतरवताना तो कायम खाली, काट्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी उतरणार. वरून धरून ठेवणार काटा. उद्या सकाळी चौथ्या मजल्यावरून सव्वाशे किलोचं लोखंडी कपाट उतरवायचं होतं. लिफ्ट नाही, जिना अरुंद. वरचा हात सुटला तर खालच्याला अंग चोरायलाही जागा नाही. आणि काट्याचा उजवा हात दोन महिन्यांपासून वाळत चालला होता. डॉक्टरांनी परवा सुया टोचून तपासलं आणि सांगितलं, नस गेलीय, हात भरून येणार नाही, जड उचलणं आजपासून बंद. लंब्याला काट्याने सांगितलं, "अशक्तपणा आहे. प्रोटीन घ्या म्हणाले."

"कुणासाठी हवंय?" विक्रेतीने विचारलं. तिचे दंड बघून काट्याने आपली बाही खाली ओढली.

"मलाच. उजव्या हातापुरतं मिळेल का?"

"पावडर हात बघून जात नाही, काका. दुधाची देऊ की सोयाबीनची? दूध पचतं ना?"

"मला लोखंड पचतं."

"लोखंड उद्या आहे," लंब्या म्हणाला. "आज दुधाचं बोल."

विक्रेतीने दोन डबे खाली काढले, मग काट्याच्या बाहीकडे बघून थांबली. "एकच हात बारीक होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा."

"दाखवलाय. त्यांनीच पाठवलंय," काटा घाईने म्हणाला.

लंब्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होता. वाचता वाचता त्याने मान वर केली. "हे घेतल्यावर किती दिवसांत जोर येतो?"

"दिवसांत? खाणं, झोप, व्यायाम सगळं जमलं तर दोन-तीन महिने."

लंब्याने डबा खाली ठेवला. मग तो काट्याच्या उजव्या बाहीकडे बघू लागला. अशा वेळी काटा नेहमी करायचा तेच त्याने केलं, एक थाप सोडली.

"ताई, तुला सांगतो. एका सराफाची तिजोरी उतरवत होतो. पहिल्याच पायरीवर म्हणालो, शेटजी, आत दोन अंगठ्या कमी आहेत. उघडली. दोन कमी. मेव्हण्याच्या खिशात निघाल्या."

"काहीही," ती हसली. तिने लेबलावर पंजा ठेवून एक डबा पुढे केला. "हा किती?"

काट्याने सवयीने उजवा हात पुढे केला. चूक लक्षात येईपर्यंत डबा हातात आला होता. मनगट खाली गेलं.

"चार किलो. वर पावशेर."

तिने पंजा काढला. दोन किलो.

"पावडर ओल धरते," काटा म्हणाला.

"सीलबंद आहे, काका."

लंब्याने डबा उचलला आणि काट्यापुढे धरला. "डाव्या हाताने सांग."

डाव्या हाताला डबा लागला आणि काट्याला कळलं. दोन किलो, वर डब्याचे शे-दीडशे ग्रॅम. खरं सांगितलं तर उजवा हात उघडा पडणार. चुकीचं सांगितलं तर अंदाज गेला एवढंच होणार. पंचवीस वर्षांचं नाव तेवढं जाणार. त्याने नाव जाऊ दिलं.

"चार," तो म्हणाला. "वय झालं रे. अंदाज गेला माझा."

विक्रेतीने दुसरा डबा पुसायला घेतला. लंब्याची नजर डब्यावर नव्हतीच. ती काट्याच्या खांद्यावर होती.

"खोटं बोलतोयस," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं तुझा खांदा बघत मी जिने उतरतोय. चाराला तो कसा पडतो ते मला विचार. आत्ता तो दोनाइतकाच पडलाय. उद्या खाली मी आहे."